म्युस्कादे: ताटात लिंबाच्या फोडीच्या जागी बसणारी वाइन

पहिला घोट घेतला तेव्हा मला वाटलं, दुकानदाराने पाणी घालून दिली.

फ्रान्समधल्या नाँत शहरातल्या तालाँसाक बाजारात शनिवारी सकाळी कालवांच्या, म्हणजे ऑयस्टरच्या, गाळ्यासमोर उभा होतो. ताई तेव्हा तिथे शिकत होती आणि मी सुट्टीत तिच्याकडे गेलो होतो. व्हिडिओत पाहिलं होतं तसा पेला गोल फिरवला, नाक आत घातलं. लिंबाच्या सालीचा जेमतेम वास, पाऊस पडून गेल्यावर फरशीला येतो तसा थोडा दमटपणा, बाकी काही नाही. आंबा नाही, पेरू नाही, फुलं नाहीत.

"हिला काही वासच नाही गं."

"वास घेत बसू नकोस. आधी कालव खा, मग घोट घे."

कालव खाल्लं. समुद्राचं खारं पाणी, मागून किंचित गोडसर, मऊ मांस. त्यावर घोट घेतला, आणि मघाची ती फिकी वाइन एकदम जागी झाली. आंबटपणाची धार गेली होती, त्या जागी ताजेपणा होता. तोंड स्वच्छ झालं आणि हात आपोआप पुढच्या शिंपल्याकडे गेला. लहानपणी कैरीच्या फोडीला मीठ लावून खाल्लं असेल त्याला यात नवल वाटणार नाही. मीठ लागलं की आंबट बोचत नाही, चवदार लागतं. कालवाचं खारं पाणी म्हणजे मीठ आणि ही वाइन म्हणजे कैरी.

त्या वाइनचं नाव म्युस्कादे. शेवटी 'ट' लिहितात, म्हणत नाहीत. फ्रान्समधली ही बहुधा सर्वांत साधी, आणि माझ्या मते सर्वांत कमी समजली गेलेली कोरडी पांढरी वाइन. नुसती प्यायला घेतली तर निराशा होते. ती ताटासाठी बनवलेली आहे, आपल्याकडे ताटात डाव्या बाजूला लिंबाची फोड असते त्या कामाची. लिंबाची फोड कुणी एकटी खाऊन "काय चव आहे!" म्हणत नाही, पण ती नसली की जेवण अडतं.

कोरडी म्हणजे काय, हे आधी उलगडून घेऊ, कारण घोळ इथूनच सुरू होतो. द्राक्षाच्या रसात साखर असते. यीस्ट ती साखर खातं आणि तिचा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. यीस्टने जवळजवळ सगळी साखर संपवली की उरते ती कोरडी, म्हणजे ड्राय वाइन. युरोपच्या नियमाप्रमाणे साधारणपणे लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर राहिली तर तिला कोरडी म्हणता येतं. तुलनेला कोलाचं पेय घ्या, त्यात लिटरमागे शंभरेक ग्रॅम साखर असते. घसा कोरडा पडणं किंवा तोंडात तुरट आवळल्यासारखं होणं ही वेगळी गोष्ट आहे. तो तुरटपणा द्राक्षाच्या सालीतल्या टॅनिनमुळे, मुख्यतः लाल वाइनमध्ये येतो. कच्चं केळं चावल्यावर जिभेला होतं तसा. पांढरी वाइन करताना रस सालींपासून लगेच वेगळा काढतात, म्हणून म्युस्कादेत तुरटपणा जवळपास नसतो. असतो तो स्वच्छ आंबटपणा.

आता गाव. लुआर ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी. ती पश्चिमेला अटलांटिकला मिळते, त्याच्या अलीकडे पन्नासेक किलोमीटरवर नाँत. शहराच्या दक्षिणेला आणि आग्नेयेला सेव्र आणि मेन या दोन लहान नद्यांच्या आसपास बहुतेक म्युस्कादे पिकते, म्हणून बाटलीवर 'म्युस्कादे सेव्र-ए-मेन' असं लिहिलेलं दिसतं. या नावाला कायद्याचं संरक्षण १९३६ साली मिळालं. हवा समुद्राची: ना फार कडक ऊन, ना सहसा कडाक्याची थंडी, आणि शरद ऋतूत अटलांटिकवरून येणारा पाऊस. त्या पावसाआधी घड उतरवून घ्यायचे असतात, म्हणून इथे लवकर पिकणारं द्राक्ष लागतं.

ते द्राक्ष म्हणजे मेलों द बुर्गोन्य, अर्थात 'बर्गंडीचा खरबूज'. पानं गोलसर म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. नावात बर्गंडी हा पूर्व फ्रान्समधला वाइनचा नावाजलेला प्रदेश असला तरी बर्गंडीत त्याला कधी मान मिळाला नाही, तिथे ते आता जवळपास दिसतही नाही. गंमत अशी की १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅरल मेरेडिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासून दाखवलं, की मेलों हे पिनो आणि ग्वे ब्लां या दोन जुन्या जातींचं अपत्य आहे. जगभर मिरवणारं शार्दोने हेही त्याच आईबापांचं. म्हणजे सख्खी भावंडं. एकाला राजवाडा मिळाला, दुसऱ्याला समुद्रकाठचा मासळीबाजार. म्युस्कादे या नावामुळे पुष्कळांना सुगंधी मस्कट द्राक्ष आठवतं, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

मेलों समुद्रकाठी आलं कसं, यात दोन गोष्टींचा हात आहे. एक डच व्यापारी. सतराव्या शतकात त्यांना नाँत बंदरातून हलकी पांढरी वाइन हवी होती, प्यायला कमी आणि उकळून दारू गाळायला जास्त. 'ब्रँडी' हा शब्दच डचांच्या 'ब्रांडेवेन', म्हणजे 'जाळलेली वाइन', यावरून आला. त्यांच्या मागणीमुळे या भागात लाल द्राक्षं मागे पडून पांढरी वाढली. दुसरी गोष्ट १७०९ सालचा हिवाळा. त्या जानेवारीत युरोपभर अशी थंडी पडली की नद्या गोठल्या आणि वेलींची खोडं फुटली. नाँतच्या मळ्यांची धूळधाण झाली. पुन्हा लागवड करताना शेतकऱ्यांनी थंडीला दाद न देणारी जात निवडली, ती मेलों. त्यातही एक विनोद आहेच. मेलोंला कोंब लवकर फुटतात, म्हणून जानेवारीची थंडी सोसणारा हा वेल एप्रिलच्या दवबर्फाला बळी पडतो. १९९१ आणि २०२१ या दोन्ही वर्षी एप्रिलमधल्या रात्रींनी इथल्या बागा जाळल्या.

नाँतच्या जवळची जमीनही एका कारणासाठी सांगण्यासारखी आहे. क्लिसों गावाखाली ग्रॅनाइट आहे, तर गोर्ज गावाखाली गॅब्रो नावाचा गडद, जड दगड. गॅब्रो म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा, बसाल्टचा, जमिनीखालचा भाऊ. लाव्हारस वर येऊन लवकर थंड झाला तर बारीक कणांचा बसाल्ट, खोल जमिनीत सावकाश थंड झाला तर मोठ्या कणांचा गॅब्रो. मालमसाला तोच. वाइनवाले लोक या दगडांची चव पेल्यात शोधतात, 'मिनरल' म्हणून डोळे मिटतात. खरं तर दगड काही मुळांतून पेल्यात उतरत नाही. जमीन पाणी किती धरते, वेलीला किती ताण पडतो, द्राक्ष कधी पिकतं यावर फरक पडतो. पण 'ओल्या दगडासारखा वास' हे वर्णन म्हणून मला चालतं, कारण दुसरा शब्द सापडत नाही.

(या भागातल्या ल पाले गावात १०७९ च्या सुमारास तत्त्वज्ञ पिएर आबेलार जन्मला. वाइनशी याचा काही संबंध नाही, पण ताई मला मुद्दाम तिथे घेऊन गेली होती, म्हणून सांगितलं.)

खरी मेख पुढे आहे. मेलोंच्या रसाला स्वतःचा वास फारसा नाही, अंगही बारीक. अशा द्राक्षाची वाइन पाणचट व्हायला हवी. ती होत नाही याचं कारण गाळ.

साखर संपली की यीस्ट मरतं आणि टाकीच्या तळाशी पांढरट, पिठासारखा थर बसतो. ताक निवळल्यावर खाली दाट आणि वर निवळ राहते ना, तसं. बहुतेक पांढऱ्या वाइनमध्ये हा गाळ लवकर काढून टाकतात. नाँतकडे तसं करत नाहीत. वाइन अख्खा हिवाळा त्या गाळावरच ठेवतात आणि बाटलीत भरायची वेळ आली की तिथूनच थेट भरतात. याला 'स्युर ली' म्हणतात, म्हणजे 'गाळावर'. नियमही स्पष्ट आहे: पुढच्या वर्षीच्या १ मार्चच्या आधी बाटली भरायची नाही.

या महिन्यांत तीन गोष्टी घडतात. मेलेल्या यीस्टच्या पेशी फुटतात, त्यांतली प्रथिनं आणि साखरेसारखे लांब रेणू वाइनमध्ये उतरतात. त्यांना गोडी नसते, पण जिभेवर वाइन भरल्यासारखी लागते. पातळ वरण आणि घोटलेलं वरण यांत डाळ तेवढीच असते, तरी फरक पडतो, त्यातला प्रकार. दुसरं, गाळ ऑक्सिजन शोषून घेतो, त्यामुळे वाइन ताजी राहते, कापलेल्या सफरचंदासारखी काळवंडत नाही. तिसरं, वाइन एका टाकीतून दुसरीत उपसली नाही म्हणून आंबताना तयार झालेला थोडा वायू आतच विरघळून राहतो. ताज्या म्युस्कादेचा पहिला घोट जिभेच्या टोकाला बारीक चुणचुणतो तो त्यामुळे. शॅम्पेनसारखे बुडबुडे नाहीत, नुसती चाहूल. बाटली उघडून अर्धा तास झाला की तीही जाते.

ही पद्धत कुणी शोधली? शेतकरी आपल्या घरच्या लग्नासाठी चांगलं एक पिंप बाजूला ठेवायचे, त्याला हात लावायचे नाहीत. लग्नाच्या दिवशी ते उघडलं की बाकीच्यांपेक्षा सरस निघायचं, आणि त्यातून लोक शिकले, अशी तिकडे गोष्ट सांगतात. खरी असो नसो, पटते. ओकच्या नव्या पिंपांचा, व्हॅनिलासारखा वास मात्र इथे नसतो. जुन्या पद्धतीच्या टाक्या सिमेंटच्या, जमिनीत पुरलेल्या, आतून काचेच्या फरश्या बसवलेल्या असतात.

आता जेवण. कालवांपासून सुरुवात करू, कारण ही जोडी अपघाताने जमलेली नाही. नाँतच्या बाजारात येणारी कालवं जवळच्याच अटलांटिक किनाऱ्याची. फ्रान्समध्ये त्यांच्या आकाराला क्रमांक असतो आणि तो उलटा चालतो. क्रमांक जितका लहान तितकं कालव मोठं. ३ क्रमांक बेताचा, सुरुवातीला तोच घ्यावा. गाळ्यावरची बाई डाव्या हातात जाड कापडाची घडी धरून, आखूड, जाड पात्याची सुरी शिंपल्याच्या कडेत घालते, मनगट एकदा फिरवते, आणि वरचं कवच निघतं. पाणी सांडू द्यायचं नाही, तेच तर खायचं. सोबत राय नावाच्या धान्याचा काळसर पाव, मिठाचं लोणी आणि बारीक चिरलेला शॅलट कांदा घातलेला व्हिनेगर. हा व्हिनेगर मी टाळतो. लिंबूही दोन थेंबांपलीकडे नको. आंबटावर आंबट चढवलं की वाइनची धारच बोथट होते. लिंबाचं काम वाइनने करायचं असेल तर लिंबाला सुट्टी द्यायला हवी.

आंबट आणि मासळी यांचं जमतं का, हे कोकणातल्या माणसाला समजावायची गरज नाही. आपण मासळीला आधी कोकमाचं आगळ, चिंचेचा कोळ किंवा लिंबू चोळून ठेवतो. कारण रासायनिक आहे. मासा शिळा होऊ लागला की त्यात अमाइन नावाची उडणारी, हिवस वासाची द्रव्यं तयार होतात. ती अल्कधर्मी असतात, आम्लाशी मिळाली की त्यांचं क्षारात रूपांतर होतं आणि ती उडत नाहीत, म्हणून वास कमी येतो. वाइनचं आम्ल तेच करतं. उलट लाल वाइन आणि मासे खाल्ल्यावर तोंडात कधी कधी जो लोखंडी, हिवस वास राहतो, त्यामागे खरोखरच लोह आहे असं २००९ मध्ये एका जपानी वाइन कंपनीच्या संशोधकांनी शिंपल्याच्या मांसावर प्रयोग करून दाखवलं. वाइनमध्ये लोह जास्त तर वास जास्त. पांढऱ्या वाइनमध्ये लोह जास्त असलं तर तीही सुटत नाही, पण लाल वाइनमध्ये ते बहुधा अधिक असतं.

कालवांखालोखाल उकडलेल्या काळ्या शिंपल्या, ज्यांना फ्रेंचमध्ये 'मूल' म्हणतात. कांदा, लोणी, थोडी पार्सली आणि पातेल्यातच ओतलेली पेलाभर म्युस्कादे. झाकण ठेवलं की पाच मिनिटांत शिंपल्या उघडतात. तळलेले लहान मासे, भाजलेले सार्डिन, उकडलेली कोळंबी, तिथल्या ग्वेराँदच्या मिठागरांचं जाडं मीठ घातलेले नवे बटाटे. सगळ्यांत खारटपणा, थोडं तेल किंवा लोणी, आणि मसाला नाही. ही तीन लक्षणं दिसली की बाटली उघडावी.

आणि बेर ब्लां. या सॉसबद्दल दोन वाक्यांत भागणार नाही. नाँतच्या वरच्या अंगाला लुआरच्या काठी ला शेब्युएत नावाची वस्ती आहे. तिथल्या खाणावळीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्लेमाँस लफव्र ही स्वयंपाकीण हा सॉस करायची. अंड्याचा बेआर्नेझ सॉस करताना अंडी घालायचीच विसरली, अशी त्याच्या जन्माची गोष्ट. शॅलट अगदी बारीक चिरायचा. थोडं व्हिनेगर आणि म्युस्कादे घालून मंद आचेवर आटवायचं, चमचा-दोन चमचे उरेपर्यंत. मग थंडगार लोण्याचे तुकडे एकेक करून घालत, फेटत राहायचं. लोणी वितळायला हवं पण तूप व्हायला नको. जमलं तर फिकट पिवळा, सायीसारखा, चमकदार सॉस तयार होतो. तो नदीतल्या पाइक माशावर घालतात. इतक्या लोण्यापुढे कुठलीही वाइन दबली असती. म्युस्कादे त्यातून सुरीसारखी जाते, शिवाय सॉसच्या आतही तीच असल्यामुळे दोन्हीकडून एकच सूर लागतो.

काय जमत नाही तेही सांगतो. गरम मसाल्याचा खेकड्याचा रस्सा, कोल्हापुरी पांढरा-तांबडा, वऱ्हाडी झणझणीत काहीही: म्युस्कादे तिथे पाण्यासारखी वाटेल, कारण तिच्याकडे वासाची ताकद नाही. मी एकदा मालवणी कालवणासोबत प्यायलो, बाटली वाया गेली. ताजं खोबरं आणि चिंच असलेलं कालवण स्वतःच पूर्ण असतं, त्याला सोलकढी हवी, वाइन नको. गोड पदार्थासोबत तर अजिबातच नाही, श्रीखंडानंतर हीच वाइन व्हिनेगर लागते.

मात्र रव्यात घोळवून तळलेले ओले बोंबील, तिखट बेताचं, वर फक्त मीठ? उत्तम. बाहेर कुरकुरीत, आत लोण्यासारखे, आणि तेल कापायला आंबट घोट. तव्यावरची सुरमईही चालते, मसाला हलका असेल तर. मासे न खाणाऱ्यांनी कोथिंबीर वडी किंवा साबुदाणा वड्यासोबत पाहावी, मिरची हात राखून घालून. तळलेलं आणि खारट, हे सूत्र तिथेही लागू पडतं. मिरची जास्त असेल तर अल्कोहोल आग आणखी भडकवतो. म्युस्कादेत तो साधारण १२ टक्के, म्हणजे बेताचाच असतो, तेवढं एक बरं.

विकत घेताना लेबलवर 'स्युर ली' हे शब्द पाहावेत. वर्ष शक्यतो गेल्या दोन-तीन वर्षांतलं. अपवाद क्लिसों, गोर्ज, ल पाले अशा गावांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचा. गावाचं नाव लावायची परवानगी या तिघांना २०११ मध्ये मिळाली. त्या वाइन दीड-दोन वर्षं गाळावर राहतात, भरीव असतात, महाग असतात आणि आठ-दहा वर्षंही टिकतात. पैसे असतील तर जरूर घ्या, पण कालवांसोबत मला साधीच आवडते. थंड ८ ते १० अंशांपर्यंत करावी. फ्रिजमधून काढल्यावर पंधरा मिनिटं टेबलावर राहू द्यावी, नाहीतर नुसता गारवा पिणं होतं.

आपल्याकडच्या दुकानांत म्युस्कादे शोधावीच लागते. तिचं काम करणारं जवळचं हवं असेल तर नाशिककडची कोरडी सोव्हिन्यों ब्लां पाहावी. वास पुष्कळ जास्त, पण आंबटपणा तसाच खणखणीत. नाशिकला पिकणारी शेनँ ब्लां, जिला दुकानात सरसकट 'चेनिन' म्हणतात, तीही मूळची लुआर काठचीच, नाँतपासून नदीच्या वरच्या अंगाची. पण आपल्याकडे ती बरेचदा थोडी गोडसर ठेवतात, म्हणून लेबलवर 'ड्राय' लिहिलंय ना हे बघून घ्यायचं.

तीच घेऊन मी गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीला घरी बेर ब्लां करायला बसलो होतो. शॅलट नव्हता, पांढरा कांदा घेतला. आटवणं जमलं. लोणी घालताना फोन वाजला आणि आच मोठीच राहिली. परत आलो तर भांड्यात वर पिवळं तूप तरंगत होतं आणि खाली कांदा. ते तसंच वाफवलेल्या पापलेटावर ओतलं. आईने एक घास खाल्ला, बोटाने ताटलीची कड पुसली आणि म्हणाली, "तूपच घालायचं होतं तर कढवलेलं होतं की कपाटात."